मूळ संख्येची पारख

बारा गोट्या जमिनीवर मांडावयाच्या आहेत असे समजू. त्या दोन-दोनच्या सहा रांगांत मांडता येतात, तसेच तीन-तीनच्या चार रांगांतही मांडता येतात. दोन्ही वेळा एक भरीव आयत तयार होतो. त्यांत आणखी एका गोटीची भर घातली की हे साधत नाही. तेरा गोट्या एकाच सरळ रांगेत मांडाव्या लागतात. दुसरी कोणतीही मांडणी केली तरी काही गोट्या उरतात किंवा कमी पडतात. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. दोहोंहून अधिक विभाजक असलेली संख्या ही संयुक्त संख्या होय. १ ला एकच विभाजक असल्यामुळे तिची गणना यांपैकी कोणत्याच वर्गात होत नाही.

'मूळ' हे नाव अगदी सार्थ आहे. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून सिद्ध होते आणि, क्रमाचा भेद सोडला तर, एकाच रीतीने सिद्ध होते. ६० ही संख्या कशीही फोडली तरी अखेरीस २, २, ३ आणि ५ हेच अवयव हाती येतात.

मग एखादी संख्या मूळ आहे हे ओळखावे कसे? काही संयुक्त संख्या पाहताक्षणीच ओळखू येतात. २ खेरीज कोणतीही सम संख्या मूळ नसते. एकक स्थानी ५ असलेल्या संख्यांत केवळ ५ हीच मूळ आहे. अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात असेल, तर त्या संख्येलाही ३ ने भाग जातो. परंतु ९१ ही संख्या या तिन्ही कसोट्यांतून सुटते आणि तरीही ती ७ × १३ अशी संयुक्तच असते. तात्पर्य, संख्येच्या बाह्य रूपावर विसंबून चालत नाही.

खात्रीचा मार्ग भागाकाराचा आहे आणि तो वाटतो तितका लांबचा नाही. ३३१ ही संख्या घेऊ. ती दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर ते दोन्ही अवयव १८ हून मोठे असू शकत नाहीत. कारण १९ × १९ म्हणजेच ३६१ होतात. म्हणून एक तरी अवयव १८ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. यास्तव २, ३, ५, ७, ११, १३ आणि १७ या सातच मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे. प्रत्येक वेळी बाकी उरते, म्हणून ३३१ ही मूळ संख्या ठरते. सामान्यतः, दिलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच तपासणी करावी लागते.

याच तत्त्वावर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिस याच्या नावाने ओळखली जाणारी चाळणी आधारलेली आहे. २ ते १०० पर्यंतच्या संख्या लिहून २, ३, ५ आणि ७ या चार संख्या तशाच ठेवाव्यात व त्यांच्या पुढील सर्व पटी खोडाव्यात. शेवटी २५ संख्या शिल्लक राहतात. त्या सर्व मूळ असतात.

काही उदाहरणांवरून नियम बांधण्याचा मोह येथे विशेष घातक ठरतो. ३१, ३३१, ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१ आणि ३३३३३३३१ या साऱ्या मूळ संख्या आहेत. पुढची संख्याही तशीच असेल असे कोणासही वाटेल. परंतु ३३३३३३३३१ ही १७ × १९६०७८४३ आहे. या मोहातून थोर गणितज्ञही सुटले नाहीत. सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फेर्मा याने विशिष्ट प्रकारच्या संख्यांपैकी पहिल्या पाच मूळ असल्याचे पाहून सर्वच तशा असाव्यात असे मानले. त्यांतील सहावी, म्हणजे ४२९४९६७२९७, हिला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलर याने १७३२ मध्ये दाखवून दिले.

संख्या मोठी झाली की भागाकाराची रीत थकते. शंभर अंकी संख्येचे वर्गमूळ पन्नास अंकी असते. तितके भागाकार जलद संगणकालाही शक्य नाहीत. २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मनींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एक नवी रीत सिद्ध केली. तिच्यात अवयव न शोधताच संख्या मूळ आहे की नाही याचा निश्चित निर्णय होतो आणि अंक वाढले तरी श्रम आवाक्याबाहेर वाढत नाहीत. अवयव शोधण्याचे काम मात्र अद्याप दुष्करच राहिले आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण त्या गुणाकारावरून त्या दोन संख्या परत मिळविणे अतिशय कठीण असते. १९७७ मध्ये मांडली गेलेली एक सुप्रसिद्ध सांकेतिक पद्धती याच अडचणीवर उभी असून अनेक गुप्त संदेशांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून राहिली आहे. गोट्यांच्या मांडणीत दिसलेला भेद येथे संदेशाचा पहारेकरी झाला आहे.