जुन्या मोटारगाडीच्या इंजिनाचा मूळ कारखानी रंग : निश्चितीची पद्धती आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना :

पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे 1960 च्या दशकात पूर्ण झाली. त्या काळात ग्रामीण भागात शासकीय वाहन म्हटले की जीपच डोळ्यांसमोर येई. विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली आणि पुढे सीजे-3बी हे प्रतिमान दीर्घकाळ भारतात तयार होत राहिले. सिद्धेश्वर धरणाच्या वयाची जीप आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले दुचाकी अथवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. या व्याख्येत इंजिनाच्या रंगाचा उल्लेख नाही. तथापि 'मूळ स्वरूप' हा शब्दप्रयोग गांभीर्याने घेतला, तर बॉनेट उघडल्यावर प्रथम नजरेत भरणारा रंग मूळचा आहे की गॅरेजमधील, हा प्रश्न टाळता येत नाही. तो रंग कसा ठरवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

इंजिनाला रंग कशासाठी?

बिडाचा ब्लॉक उघडा राहिला तर गंजतो, हे पहिले कारण. एकसारख्या रंगावर तेलाची गळती चटकन दिसते, हे दुसरे. तिसरे कारण ओळखीचे आहे. 1955 मध्ये आलेले शेवरलेचे व्ही-8 इंजिन नारिंगी रंगाने ओळखले जाऊ लागले. जग्वारच्या एक्सके इंजिनावरील लाल हेड 'सी-टाइप' असल्याचे जाणकार दुरूनच सांगत. 1977 मध्ये ओल्डस्मोबिल गाड्यांत शेवरलेची इंजिने बसविल्याचे उघड झाले, तेव्हा अमेरिकेतील ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली. त्याच सुमारास जनरल मोटर्सने आपल्या निरनिराळ्या शाखांच्या इंजिनांना एकच निळा रंग देण्यास प्रारंभ केला होता.

इंजिनाचा रंग गाडीच्या रंगावरून ठरत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचा पत्रा लाल, पण इंजिन करडे असते. रचना सारखी असली तरी रंग सारखा असेलच असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात एकाच आराखड्यावर विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी जीप बनविल्या. त्यांपैकी फोर्डची इंजिने करडी, तर विलीजची हिरवट असत. म्हणून 'जीपच्या इंजिनाचा रंग कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या वर्षाची जीप, हे आधी विचारावे लागते.

पुराव्याचा शोध :

आरंभ रंगापासून नव्हे, क्रमांकापासून करावा. ब्लॉकवरील क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. महाराष्ट्रात अनेक पेट्रोल जीपना पुढे डिझेल इंजिने बसविली गेली. इंजिनच परके असेल, तर त्यावरील रंगाचा कितीही सूक्ष्म अभ्यास केला तरी तो दुसऱ्याच वाहनाचा इतिहास सांगेल.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असून तीच बहुधा हुकते. इंजिन उघडले की सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत टाकण्याचा गॅरेजमधील प्रघात आहे. त्यामुळे तेल, काजळी आणि रंग सारेच निघून जाते आणि ब्लॉक नव्यासारखा दिसतो. मात्र पन्नास वर्षांचा पुरावा एका दुपारी नाहीसा होतो आणि तो पुन्हा मिळविता येत नाही. म्हणून टाकीपूर्वी छायाचित्रे आणि नमुने घेणे अनिवार्य मानले पाहिजे.

मूळ थर जेथे उष्णता, ऊन आणि ब्रश पोहोचत नाहीत अशा जागी टिकतो : डायनामोच्या ब्रॅकेटखाली, वॉटर पंपाच्या मागे, इंजिन माउंटिंगच्या बैठकीवर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा रंग जळलेला असतो. त्यावर विसंबू नये. निवडलेली जागा रॉकेल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करून बारीक वॉटर पेपरने, पाणी वापरून, रुपयाच्या नाण्याएवढा उथळ खळगा घासावा. त्यात थर एकाबाहेर एक कड्यांसारखे दिसतात : सर्वांत बाहेर बहुधा ओव्हरहॉलिंगनंतर मारलेले सिल्व्हर, त्याआत एखादा मधला हात, मग मूळ इनॅमल आणि मध्यभागी प्रायमर वा धातू. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असल्याने कोरडे घासणे कटाक्षाने टाळावे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत याहून पुढे जाता येते. रंगाची कपची रेझिनमध्ये बसवून तिचा छेद घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दोन थरांमधील तेलकट मळाची काळी रेघ दिसू शकते. ती रेघ असेल तर वरचा थर गाडी वापरात आल्यानंतरचा. दोन थर एकमेकांना स्वच्छ चिकटलेले असतील, तर ते एकाच वेळचे असण्याचा संभव अधिक. इतिहासाच्या अभ्यासकाला उत्खननातील स्तर आठवावेत असाच हा प्रकार आहे.

छटा जुळविणे :

मूळ थर सापडला म्हणजे मूळ छटा सापडली असे नाही. अल्किड इनॅमल उष्णतेने आणि अंधारात पिवळे पडते. परिणामी निळा हिरवट भासतो, तर फिकट करडा मातकट होतो. अंधारातील हे पिवळेपण उजेडात ठेवल्यावर काही अंशी उतरते. म्हणून ताज्या उघडलेल्या खळग्याचा रंग लगेच न मोजता काही दिवस थांबणे इष्ट. शिवाय ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. त्यांतील रंगद्रव्ये भिन्न असली की असे घडते, आणि जुनी शिसेयुक्त रंगद्रव्ये आज बहुतांशी वापरात नसल्याने हा धोका नेहमीचा आहे. तुलना मोकळ्या सावलीत आणि दिव्याखाली अशी दोन्ही ठिकाणी करावी.

स्पेक्ट्रोफोटोमीटरने घेतलेली सीआयई लॅब मूल्ये नोंदवून ठेवणे उत्तम. ते उपकरण नसेल, तर भारतीय मानक आयएस 5 मधील रंगपट्ट्यांशी तुलना करून सर्वांत जवळचा क्रमांक लिहावा. 'मध्यम ब्रन्सविक हिरवा, 226' ही नोंद 'जीपचा हिरवा' या नोंदीपेक्षा कितीतरी उपयुक्त आहे. कारण डब्यावरचे नाव कंपनीगणिक बदलते. येथे एक गोष्ट मान्य करावी लागते : कारखान्यातही प्रत्येक खेपेचा रंग किंचित निराळा असे. दोन नमुन्यांमधील मोजलेला फरक 1 च्या आसपास असेल तर डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. त्याहून अधिक काटेकोरपणाचा आग्रह हौसेचा म्हणता येईल, शास्त्राचा नव्हे.

पुरावाच न मिळाल्यास त्याच वर्षाच्या, न उघडलेल्या दुसऱ्या इंजिनाचा आधार घ्यावा आणि तसे स्पष्ट लिहावे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचाही कामाच्या लेखी नोंदीवर भर आहे. नवा रंग देताना डायनामोच्या ब्रॅकेटखालील खळगा तसाच उघडा ठेवून त्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्यावा आणि त्याची जागा गाडीच्या कागदपत्रांसोबतच्या टिपणात नमूद करावी. पुढील ओव्हरहॉलिंगच्या वेळी नवा रंग मुळाशी किती जुळतो, हे तेथे पडताळून पाहता येईल.