लोहाला एक्झिटच नाही!

चिकलठाणा एमआयडीसीत कंपनीत रक्तदान शिबिर लागलं, की आपण रक्त देतो, कॉफी-बिस्किट घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण त्या पिशवीचं पुढे काय होतं? कदाचित ती थॅलेसेमिया मेजर असलेल्या एखाद्या मुलाला मिळते. अशा मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं.

गोची इथेच आहे. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि शरीर रोज बाहेर टाकतं जेमतेम १ मिलिग्रॅम! उरलेलं साठतं मुख्यतः लिव्हरमध्ये. साठवायची जागा संपली, की मोकाट लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडतं आणि फ्री रॅडिकल्स तयार होतात. ही केमिस्ट्री हेन्री फेंटन यांनी १८९४मध्येच नोंदवली होती. पेशींची आवरणं खराब होतात, लिव्हर कडक होत जातं, पुढे सिरोसिस. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

यावर उपाय म्हणजे लोह बाहेर काढणारी औषधं. पूर्वी त्यासाठी रात्र-रात्र पोटाला सुई टोचून पंप लावावा लागायचा. १९९०च्या दशकात मुंबईच्या सिप्लाने डेफेरिप्रोनची गोळी आणली आणि बरीच सुटका झाली. गोळ्या मात्र रोज, न चुकता.

आता तुमचा रोल. रक्त देत राहाच. पण लग्न ठरवताना पत्रिकेसोबत एचबीए-टू टेस्टचा रिपोर्टही बघा. दोघंही थॅलेसेमिया मायनर असाल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. मायनरला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो. म्हणूनच टेस्ट मस्ट!