हँडल सुटतं तो क्षण

परभणीत, सेलूत, गंगाखेडात संध्याकाळी मोकळ्या मैदानावर पुढचं चाक हवेत उचलून सायकल पळवणारी पोरं दिसतात. त्यांच्या बाजूला मोबाईल धरून उभे असलेले त्यांचे मित्रही दिसतात. हा लेख त्या मित्रांसाठी आहे. बीएमएक्स म्हणजे वीस इंची चाकांची, बसक्या सांगाड्याची, एकाच गिअरची दणकट सायकल. 1970च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींची नक्कल करत मातीच्या ढिगांवरून सायकली उडवू लागली आणि त्यातून हा खेळ उभा राहिला. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यत आली. हवेतल्या कसरतींचा प्रकार टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली आला. या खेळाचे फोटो काढायची इच्छा असलेल्यांच्या मनात काही समज घट्ट बसलेले असतात आणि त्यांच्यापायी कित्येक जण सुरुवातच करत नाहीत.

‘आपल्याकडे पार्क कुठे आहे?’

लाकडी किंवा सिमेंटचे रॅम्प असलेलं पार्क पुण्या-मुंबईला असेल, तेव्हा फोटोही तिकडेच निघणार, असं सरसकट मानलं जातं. पण हा खेळ पार्कात जन्मला नाही, रिकाम्या प्लॉटवर जन्मला. त्यातला ‘फ्लॅटलँड’ नावाचा प्रकार तर सपाट जमिनीवरच चालतो. एका चाकावर तोल सांभाळत स्वतःभोवती फिरायचं, त्याला गुळगुळीत फरशी किंवा सिमेंटचं मैदान पुरतं.

आपल्या मातीचा विचार मात्र करावाच लागतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चाकाला लोंबते, त्यामुळे उडीचा उंचवटा करायचा तर मुरूम दाबून केलेला बरा. फोटोच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की काळी माती उजेड गिळते. सिमेंटच्या अंगणावरून किंवा फिक्या मुरमावरून ऊन वर उसळतं आणि हेल्मेटखालचा चेहरा थोडा उजळतो. काळ्या रानात तोच चेहरा काळा ठिक्कर येतो. म्हणून जागा निवडताना उंचवट्याइतकंच खालच्या जमिनीच्या रंगाकडे लक्ष द्या. दुसरा उपाय नसेल तर थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा मित्राच्या हाती देऊन तो खालून उजेडासमोर धरायला सांगा.

‘आधी लाखाचा कॅमेरा हवा’

पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: कोणता कॅमेरा घेऊ? महाग लेन्सचे पैसे मुख्यतः कमी उजेडात काम करण्यासाठी मोजलेले असतात. एफ/2.8चा, म्हणजे मोठ्या छिद्राचा, झूम अंधाऱ्या स्टेडियममध्ये किंवा मांडवात उपयोगी पडतो. परभणीत वर्षातले कितीतरी महिने उजेडाची अडचण नसतेच, असलीच तर अतिरेकाची असते. लख्ख उन्हाचा जुना हिशेब छायाचित्रकारांना पाठ असतो: एफ/16 ठेवलं की शटरचा वेग साधारण आयएसओच्या आकड्याइतका. म्हणजे आयएसओ 400 आणि एफ/8 ठेवलं तर शटर सेकंदाच्या 1600व्या भागापर्यंत जातं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी 18-55ची लेन्सही एफ/8ला चांगलं काम देते. जुना, कुणीतरी विकायला काढलेला कॅमेरा या उन्हात उडी सहज गोठवतो.

मोबाईलचंही तेच. त्याच्या मुख्य लेन्सचं छिद्र कायम मोठं उघडं असतं, त्यामुळे कडक उन्हात तो आपोआप सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात फोटो घेतो. सूर्य कलला की मात्र त्याचा वेग उतरतो आणि उडी फिसकटते. मोबाईलवर दुरून झूम करू नका. त्याची लेन्स मुळात रुंद पाहणारी आहे, तेव्हा जवळ जा, गुडघ्यावर बसा. असं खालून घेतलं की मागच्या उभ्या मोटारसायकली चौकटीखाली जातात आणि मागे बहुतेक आभाळ उरतं.

वाईट कॅमेऱ्यापेक्षा वाईट वेळ जास्त नुकसान करते. परभणी साधारण 19.3 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. मेमध्ये ती वेळ बारा-वीसच्या सुमाराची. तेव्हा सावली पायाखाली जाते, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, आणि लांब सावली नसल्याने सायकल जमिनीपासून किती उंच आहे हेही कळत नाही. उंची दाखवायला जमिनीवर पडलेली लांब सावली फार मोलाची असते. मेमध्ये सूर्य पावणेसातनंतर मावळतो, डिसेंबरच्या अखेरीला सहाच्या आधीच. मावळतीच्या आधीचा तास-दीड तास तुमचा. उन्हाळ्यात सकाळी सातचं ऊनही तितकंच चांगलं आणि पोरांना चटकाही बसत नाही.

‘शटर जितकं वेगवान तितका फोटो भारी’

ताशी 25 किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला जवळपास सात मीटर सरकते. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती सात मिलिमीटर पुढे जाते, म्हणजे फोटो स्वच्छ येतो. पण जमिनीलगतच्या वेगाचा फोटो असा गोठवला की चाकाचे स्पोक मोजता येतात आणि सायकल स्टँडवर लावल्यासारखी दिसते. तिथे शटर 1/60 किंवा 1/125 पर्यंत खाली आणा आणि कॅमेरा सायकलच्या वेगाने फिरवत नेऊन मध्येच बटण दाबा. दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. चेहरा बऱ्यापैकी स्थिर येतो, मागचं सगळं आडव्या रेघांत विरघळतं. याला पॅनिंग म्हणतात. सुरुवातीला बरेचसे फोटो वाया जातात आणि ते ठीकच आहे. सरावाला बीएमएक्सच हवी असंही नाही. शाळा सुटल्यावर रस्त्याने सायकलींची रांग लागते, आणि कुठे शंकरपट असेल तर बैलजोडीइतका चांगला सराव दुसरा नाही. उंच उडीसाठी मात्र 1/1000 किंवा त्याहून वेगवान शटर हवंच.

‘बर्स्ट लावला की एखादा तरी लागतोच’

बर्स्ट म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढत राहणं. हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याने शिकणंच थांबतं.

सायकल एक मीटर वर गेली तर चढायला तिला सुमारे 0.45 सेकंद लागतात, उतरायला तितकेच. सेकंदाला दहा फोटो काढणारा कॅमेरा त्या उडीचे नऊ फोटो देतो. सर्वोच्च बिंदूच्या आधी आणि नंतर सेकंदाचा दहावा भाग धरला तर तेवढ्यात सायकल फक्त पाच सेंटिमीटर खाली असते. म्हणजे उंची पकडणं अवघड नाहीच. अवघड आहे ती ट्रिक पकडणं. ‘बारस्पिन’मध्ये रायडर हवेत हँडल सोडून एक पूर्ण गिरकी देतो आणि पुन्हा धरतो. हँडल अर्धं फिरलेलं आणि हात सुटलेले असताना फोटो घेतला तर ती बारस्पिन. एखादा क्षण पुढे गेलं, हात परत मुठींवर आले, की ती साधी उडी. ‘टेलव्हिप’मध्ये हात हँडलवरच राहतात आणि मागचा सांगाडा गोल फिरतो. तिथे सांगाडा पायांपासून दूर गेलेला असतानाचा फोटो हवा. हा क्षण मशीन ओळखत नाही, ज्याला ट्रिक माहीत आहे तोच ओळखतो.

म्हणून कॅमेरा काढण्याआधी चार-पाच उड्या नुसत्या बघा. रायडरला विचारा: कुठून येणार, कोणत्या बाजूला वळणार, सायकल आडवी करताना ती कोणत्या अंगाला झोपते? उत्तरावरून उभं राहायची बाजू ठरते, नाहीतर फोटोत पाठ आणि चाक एवढंच येतं. तो जिथे हवेत असणार त्या अंतरावर आधीच फोकस करून ठेवा आणि मग एकदाच बटण दाबायची सवय लावा. चौकटीत उंचवटा आणि उतरण्याची जागा, दोन्ही येऊ द्या. नुसत्या आभाळातली सायकल किती उंच, किती लांब उडाली हे कुणालाच कळत नाही.

एका क्षणाची छायाचित्रणातली किंमत जुनी आहे. घोडा धावताना चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का, यावर लोक वाद घालत असत. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने घोड्याच्या वाटेवर ओळीने बारा कॅमेरे लावले आणि सोडतात हे दाखवून दिलं. त्यानेही घोडा कुठून जाणार हे आधी ठरवूनच कॅमेरे मांडले होते.

‘फ्लॅश रात्रीसाठीच असतो’

फ्लॅशचा खरा गुण त्याचा झोत अतिशय आखूड असतो हा. कमी ताकदीवर तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. अमेरिकेत हॅरॉल्ड एजरटनने 1930च्या दशकात याच तत्त्वावर डोळ्याला न दिसणाऱ्या हालचाली गोठवल्या. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशबरोबर शटर 1/200 किंवा 1/250 पलीकडे नेता येत नाही. भर दुपारी एवढ्या शटरमध्ये ऊनही स्वतःचा फोटो काढतं आणि सायकलीभोवती पुसट भूत उमटतं. सूर्य मावळल्यावर आभाळात थोडा निळा उजेड शिल्लक असतानाची पंधरा-वीस मिनिटं फ्लॅशला सर्वांत सोयीची. फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, बाजूला स्टँडवर ठेवा. आणि उडी घेणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर तो कधीच रोखू नका. आधी सांगा, एकदा उडवून दाखवा, मगच वापरा.

हे सगळं साहित्य विकत घ्यायची गरज नाही. जिल्ह्यातल्या लग्नाच्या स्टुडिओंत फ्लॅश, ट्रिगर, स्टँड असतातच, आणि चातुर्मासात लगीनसराई थांबली की ते बरेचसे पडून असतात. तेव्हाचं ढगाळ आभाळ फोटोला मऊ उजेडही देतं. एखाद्या हंगामात मदतनीस म्हणून राबलात तर साहित्यही हाताळायला मिळतं आणि कामही येतं. धुळीच्या दिवसांत मात्र मैदानावर लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा, आणि काच शर्टाने किंवा रुमालाने पुसू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा.

‘पडल्याचा फोटोच गाजतो’

गाजतोही, पण तेवढ्यासाठी ‘अजून एकदा, थोडं उंच’ असं म्हणणं चूक आहे. थकलेला मुलगा छायाचित्रकारासाठी जास्तीची उडी घेतो आणि तिथेच हाड मोडतं. हेल्मेट नसेल तर फोटो नाही, एवढा नियम स्वतःपुरता पाळा. उतरण्याच्या वाटेत आडवे पडून फोटो घेऊ नका. कुणी पडलाच तर कॅमेरा खाली ठेवून आधी त्याच्याकडे जा. पडल्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. मुलगा अठराच्या आतला असेल तर घरच्यांना विचारा.

‘यातून काय मिळणार?’

स्पाइक जोन्झ हा आज हॉलिवूडचा दिग्दर्शक. 2014 साली ‘हर’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. विशीच्या आत तो अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका बीएमएक्स सायकलींच्या दुकानात काम करत होता. खेळ दाखवायला येणाऱ्या रायडरांचे फोटो काढत होता. त्यातून ‘फ्रीस्टाइलिन’ या बीएमएक्स मासिकात छायाचित्रकाराची नोकरी मिळाली. प्रत्येकाचं असं होत नाही. पण उडी टिपणारा हात कुस्तीच्या फडात, कबड्डीच्या मैदानावर आणि वराती टिपतानाही उपयोगी येतो, आणि त्या कामाचे पैसे परभणीतच मिळतात.

पैसे आले की हक्काचा प्रश्न येतो. ‘फोटोत मी आहे, म्हणजे फोटो माझा’ असं रायडर म्हणतो. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा पहिला मालक असतो, आणि 2012च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. पण कुणी मोबदला देऊन, मागणीवरून फोटो काढून घेतला असेल तर वेगळा करार नसताना मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. लग्नाच्या फोटोंनाही हेच लागू. सायकलच्या दुकानदाराने किंवा क्लबने पैसे देऊन फोटो मागितले तर काम घेण्याआधी दोन ओळी कागदावर लिहून घ्या: फोटो कुठे वापरणार, किती काळ, खाली नाव कुणाचं, आणि तुम्ही स्वतः ते दाखवू शकाल की नाही.