घाटात ब्रेक का रुसतात?

चाळीसगावहून कन्नडला कधी गेला आहात? मग औट्रम घाट तुमच्या ओळखीचा असणारच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मध्ये वळणावळणाचा रस्ता. चढताना सगळे इंजिनाचं कौतुक करतात. उतरताना मात्र पुढच्या गाडीच्या चाकांकडून एक करपट वास येतो. आई म्हणते, "काच वर करा रे!" तो वास असतो तापलेल्या ब्रेकचा. आज त्या वासाचीच गोष्ट सांगायची आहे.

ब्रेक काय करतो? गाडी थांबवतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, पण अर्धंच! ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो. सायकलवरून मोठा उतार ब्रेक लावत उतरा आणि खाली थांबून ब्रेकच्या रबराला हलकेच बोट लावून पाहा. गरम लागेल. मोटारीचंही तसंच आहे, फक्त आकडे मोठे आहेत.

थोडं गणित करू. माणसांसह ११०० किलो वजनाची छोटी मोटार ताशी १०० किलोमीटर वेगानं चालली आहे. गतिज ऊर्जेचं सूत्र नववीतल्या ताई-दादांना येतंच: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं सव्वाचार लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं जवळजवळ दीड लिटर पाणी उकळू लागेल! वेग ५० असता, तर ऊर्जा निम्मी नव्हे, चौथाई झाली असती. वेगाचा वर्ग आहे ना! थांबायला लागणारं अंतरही तसंच वाढतं. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगाला साधारण १२ मीटर पुरतात, १०० ला ४९ लागतात. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर १०० च्या वेगानं धावणारी गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच.

आता घाट घ्या. समजा, गाडी ३०० मीटर खाली उतरली आणि वेग आवरायचं सगळं काम ब्रेकवर टाकलं. त्या उष्णतेत ११ लिटर पाणी उकळेल, म्हणजे छोटी बादलीभर. मालानं भरलेला २५ टनांचा ट्रक असेल, तर २५० लिटर! दारातल्या मोठ्या पिंपातही मावणार नाही एवढं पाणी. ही सगळी आग चाकांजवळच्या थोड्याशा लोखंडात शिरते. वास येईल नाही तर काय?

ही उष्णता बाहेर पडली नाही की दोन गोष्टी घडतात. पहिली समजायला ब्रेकची रचना माहीत हवी. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते पॅड आणि ती चिमटी म्हणजे कॅलिपर. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं, पण तो गाजायला १९५३ ची ल मां शर्यत उजाडावी लागली. त्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार पहिली आली. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे जास्त काम पुढच्या चाकांनाच करावं लागतं. तर पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. तुम्ही पाय दाबताय, पेडल घट्ट आहे, पण गाडी मात्र ऐकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. पायाचा जोर चाकापर्यंत नेतो एक द्रव. गॅरेजमध्ये त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हेच. दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तिथं राबत असतो. या द्रवाला एक वाईट खोड आहे. तो हवेतली ओल शोषतो! 'डॉट ३' प्रकारचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात ठरावीक ओल मुरली की ही मर्यादा १४० वर येते. 'डॉट ४' चे आकडे २३० आणि १५५. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पाय दाबावा तर पेडल स्पंजासारखं मऊ होऊन थेट खाली जातं.

मोठ्या वाहनांत पेडल आणि चाकांमध्ये द्रवाऐवजी दाबाखालची हवा असते, पण उष्णतेचा नियम त्यांनाही सुटलेला नाही. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, असं पोलिसांनी सांगितलं. तो वाहनांना धडकत थेट हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली.

आता थोडं शर्यतीकडे वळू. घरगुती छोटी गाडी, मागचं दार वर उघडणारी, पण पोटात तगडं इंजिन, अशा गाडीला 'हॉट हॅच' म्हणतात. आपल्याकडची पोलो जीटी टीएसआय तशीच. २०१७ ची बलेनो आरएस आणि २०२१ ची आय-ट्वेंटी एन लाइन यांना तर चारही चाकांना डिस्क होत्या. काही हौशी मंडळी अशा गाड्या चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेतात. तिथं प्रत्येक फेरीत जोरात ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. डिस्कला निवायला उसंतच नाही. घाटाचाच भाऊ म्हणा ना!

मग ब्रेक सुधारायचे कसे? नवशिक्यांना वाटतं, मोठी लाल कॅलिपर बसवली की झालं. ती दिसते झकास, पण जाणकार सुरुवात ताज्या, जास्त उष्णता सोसणाऱ्या द्रवापासून करतात. त्यात खर्च सगळ्यात कमी आणि फरक मोठा. मग पॅड, मग चांगले टायर. हो, टायरच! गाडी शेवटी टायरच्या पकडीवर थांबते. रबरी नळ्यांऐवजी पोलादी जाळी गुंफलेल्या नळ्याही बसवतात, म्हणजे दाबाखाली त्या फुगत नाहीत. मोठ्या डिस्क सगळ्यात शेवटी. नुसते पुढचेच ब्रेक जबरदस्त केले, तर पुढच्या-मागच्यांचा तोल बिघडतो.

आणि गंमत ऐका. शर्यतीचे पॅड गरम झाल्यावरच नीट धरतात. जळगावच्या नेहरू चौकात सकाळी सकाळी, थंड गाडीसमोर अचानक शाळकरी पोर आलं, तर तेच महागडे पॅड साध्या पॅडपेक्षा कमी पकडतील. म्हणून ट्रॅकचे पॅड ट्रॅकवर, रस्त्याचे रस्त्यावर. माझं विचाराल, तर ज्या गाडीतून मुलं शाळेत जातात तिला कंपनीचेच पॅड बरे. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं.

घाटात मात्र नवं काही बसवायला नको. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक मग अधूनमधून, थोडाच वेळ पण नेटानं लावायचा. पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. काही काका पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. त्यांना सांगा, आजच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसेल, तर इंधन जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं!

येत्या रविवारी बाबांना बॉनेट उघडायला लावा. ब्रेकच्या द्रवाची छोटी, अर्धपारदर्शक डबी दिसेल, तिच्यावर दोन रेघा असतात. द्रव त्या रेघांच्या मध्ये हवा. झाकण मात्र उगाच उघडू नका, ओल शिरते आणि रंगावर थेंब पडला तर रंग उतरतो. द्रव चहासारखा काळपट झाला असेल, तर विचारा, "हा शेवटचा कधी बदलला?" बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.