पगार एक, हिशेब दुसरा

जूनमध्ये विजेतेपदाचा स्टॅनली कप कुणाच्या तरी हाती पडतो आणि उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, दुसरा खेळ सुरू होतो. तो बर्फावर नसतो, कागदावर असतो. टोरंटो किंवा एडमंटनला राहणाऱ्या एखाद्या मराठी भाच्याशी जुलैत फोनवर बोललात, तर तो हवापाण्याच्या आधी कोण कुठल्या संघात गेला ते सांगेल. आपल्याला वाटतं, आयपीएलसारखा लिलाव झाला असेल. मुळात तिथे लिलावच नसतो. कोवळी मुलं ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून, येतात, बाकीचे करार संघ आणि खेळाडूचा एजंट यांच्यातल्या घासाघिशीतून ठरतात.

दुसरा समज असा, की गडगंज मालक हवा तो खेळाडू उचलतो. २००४-०५चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला आणि त्यातून सॅलरी कॅप आली, म्हणजे संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा. २००५-०६मध्ये ती ३.९ कोटी डॉलर होती, २०२५-२६मध्ये ९.५५ कोटी. किमान मर्यादाही आहे, ७.०६ कोटींची, त्यामुळे चिकटपणालाही मोकळं रान नाही. जुलैत ‘अमुक संघ कॅपच्या वर गेला’ अशी बातमी आली तरी दचकू नये. उन्हाळ्यात दहा टक्के वर जायची मुभा असते, मोसम सुरू होईपर्यंत हिशेब बसवला की झालं. टोरंटोच्या मालकांकडे पैशांची ददात नाही, तरी त्यांचा शेवटचा कप १९६७चा.

खरा घोळ इथून पुढे आहे. खेळाडूच्या हातात यंदा किती पडले आणि कॅपमध्ये किती मोजले, हे दोन वेगळे आकडे. कॅपमध्ये मोजतात ती सरासरी: कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं. मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोवने सप्टेंबर २०२५मध्ये ८ वर्षांचा १३.६ कोटींचा करार केला. कुठल्या वर्षी कमी मिळोत की जास्त, कॅपवर दरसाल १.७ कोटीच.

त्याच मिनेसोटाची जुनी गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण ‘नको असलेल्या खेळाडूला पैसे देऊन मोकळं व्हायचं’ हा समज ती पार उधळून लावते. ४ जुलै २०१२ला संघाने झॅक पारिसे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांचा, ९.८ कोटींचा करार दिला. पैशांचा मोठा वाटा सुरुवातीच्या वर्षांत, शेवटची वर्षं नावापुरत्या पगाराची. २०२१मध्ये, चार वर्षं उरली असताना, दोघांचाही बायआउट केला, म्हणजे पैसे देऊन करार मोडला. सव्वीस किंवा त्याहून जास्त वयाच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचा दोनतृतीयांश भाग दुप्पट वर्षांत वाटून द्यावा लागतो. पगारच थोडा उरला होता, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला साधारण ८.३ लाख डॉलर आले. तिजोरीला हे स्वस्त पडलं. कॅपने मात्र सूट दिली नाही. सरासरी आणि प्रत्यक्ष पगार यांतला फरक तिथे मोजला जातोच, त्यामुळे २०२३-२४ आणि २०२४-२५मध्ये दोघांपोटी मिळून दरसाल सुमारे १.४७ कोटी अडकून राहिले. २०२४-२५ची मर्यादा ८.८ कोटी होती, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा, आणि तोही बर्फावर नसलेल्या माणसांसाठी. २०२५-२६मध्ये हे ओझं १६-१७ लाखांवर आलं. काप्रिझोवचा आकडा झेपला तो त्यानंतरच.

‘करार संपला की खेळाडू मोकळा’ हेही अर्धंच खरं. साधारणपणे वयाच्या सत्ताविशीपर्यंत किंवा लीगमध्ये सात मोसम होईपर्यंत तो ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ असतो. संघाने वेळेत ठरावीक प्रस्ताव दिला, की त्याच्यावरचा हक्क राहतो. दुसरा संघ ऑफर शीट, म्हणजे कराराचा प्रस्ताव, देऊ शकतो, पण मूळ संघाला सात दिवसांत तेवढीच रक्कम मान्य करून त्याला ठेवून घेता येतं. सोडलं, तर भरपाई म्हणून ड्राफ्टमधल्या निवडी मिळतात. अशा ऑफर शीट क्वचितच निघतात, त्यामुळे अनेक संघ निर्धास्त असतात. एडमंटन असंच गाफील राहिलं. जून २०२४मध्ये ते अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचले होते. १ जुलैला त्यांनी जेफ स्किनर आणि व्हिक्टर अर्विडसन यांना आणलं, वाहवा झाली. ऑगस्टमध्ये सेंट लुइसने त्यांच्या दोन तरुणांना ऑफर शीट धाडल्या: फिलिप ब्रोबर्गला वर्षाला ४५.८ लाख, डिलन हॉलोवेला २२.९ लाख, दोन्ही दोन वर्षांच्या. कॅपमध्ये पुरेशी जागा उरली नव्हती. दोघंही गेले, हाती आली एक दुसऱ्या फेरीची आणि एक तिसऱ्या फेरीची निवड. लोक ऑगस्टला दोष देतात. माझ्या मते चूक १ जुलैचीच होती.

दुखापतीच्या यादीबद्दलही बरंच बोललं जातं. दीर्घकाळ जायबंदी खेळाडूचा पगार कॅपमधून पुसला जात नाही, फक्त त्याच्या बदल्यात मर्यादेपलीकडे खर्च करता येतो. २०२१मध्ये निकिता कुचेरोव शस्त्रक्रियेमुळे अख्खी साखळी बाहेर होता, प्लेऑफला परतला आणि टॅम्पा बेने कप जिंकला. तेव्हा प्लेऑफला कॅप लागूच नव्हती, त्यामुळे ओरड झाली तरी नियम मोडला नव्हता. २०२५-२६पासून प्लेऑफमध्येही मोजणी आहे.

राहता राहिलं, जाणाऱ्या खेळाडूशी जुना संघ आठ वर्षांचा करार का करतो. मिच मार्नरचं टोरंटोशी नातं ३० जून २०२५ला संपत होतं. त्याच दिवशी टोरंटोने त्याला वर्षाला १.२ कोटींचा आठ वर्षांचा करार दिला आणि लगोलग वेगासला धाडून बदल्यात निकोला रॉय घेतला. यात वेडेपणा काहीच नव्हता. स्वतःच्या खेळाडूला आठ वर्षं देता येतात, बाहेरच्याला सात. एका जादा वर्षासाठी वेगासने एक खेळाडू मोजला आणि टोरंटोला रिकाम्या हाताने बसावं लागलं नाही. मालक आणि खेळाडूंमधल्या सप्टेंबर २०२६पासूनच्या नव्या करारनाम्यात ही मर्यादा अनुक्रमे सात आणि सहा वर्षांची होणार आहे.