एका ठोकळ्यातली जोडी

चाकू आणि लेखणी पूर्वी शेजारीच असत. आपल्याकडे बोरू तासायला चाकू लागे, युरोपात पिसाचं टोकही चाकूनेच काढत. धातूची निब आली आणि ही सोबत सुटली. अमेरिका-ब्रिटनमधले अनेक हौशी कारागीर आज घरच्या गॅरेजात ती पुन्हा जुळवतात: लाकडी मुठीची सुरी आणि त्याच लाकडाचं बॉलपेन. पातं आणि पेनाचे धातूचे भाग पुष्कळ जण तयार आणतात. त्यात मला काही उणं वाटत नाही. कस लागतो तो लाकडात.

एका ठोकळ्यातून दोन्ही कापले म्हणजे जोडी जुळली, असं होत नाही. मुठीला दोन रुंद पट्ट्या लागतात. त्या पात्याच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी इपॉक्सीने चिकटवून पिना ठोकतात. पट्टी मुळात सपाट, त्यामुळे रेषांचं चित्र बरंचसं जसंच्या तसं राहतं. पेनाचं तसं नाही. साधारण पाऊण इंच जाड, पाच इंच लांब कांडीचे दोन तुकडे करायचे, मधून भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची आणि लेथवर कातत न्यायचं. बारीक पेनात टोकांशी नळीभोवती जेमतेम मिलिमीटरभर लाकूड उरतं. वरची जी नक्षी पाहून कांडी निवडली, ती भुशात जाते आणि गाभ्याजवळची वर येते. करवत लावण्याआधी ती आतली नक्षी ताडणं, हे या कामातलं सगळ्यात मोठं कसब.

कांडीच्या दोन तुकड्यांवर आधीच खूण करतात, म्हणजे जोडावर रेषा अखंड दिसतात. पिळून उघडायच्या पेनात मात्र त्या एकाच स्थितीत जुळतात. बहुतेक जण पेन बंद असतानाची स्थिती धरतात, कारण पेन सुरीशेजारी ठेवलं जातं ते बंदच.

मग झिलई. पेनावर सायनोअॅक्रिलेट गोंदाचे थर देऊन काचेसारखी चकाकी आणता येते. पाण्यात जाणाऱ्या मुठीला अनेक जण जवसाचं किंवा टुंगचं तेल पसंत करतात. दोन्हींची चमक वेगळी पडली, तर एकाच झाडाचं लाकूडही परकं वाटतं. माझं मत तेलाच्या बाजूने आहे: चकाकी कमी, पण दोन्हींना सारखी.

लाकडाची निवडही जपून हवी. आपल्या शिसवाचा नातलग कोकोबोलो दिसतो देखणा, पण त्याच्या भुशाने अनेकांना अॅलर्जी होते. शिवाय २०१७पासून शिसवाच्या संपूर्ण डालबर्जिया प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराची बंधनं आहेत. पडाऊक ताजा कापला की लालभडक असतो, उजेडात तपकिरी होत जातो. सुरी खणात आणि पेन खिशात राहिलं, तर वर्षभरात दोघांचे रंग वेगळे होतात.

अशी जोडी करून घ्यायची असेल, तर दोन्ही वस्तू एकाच वेळी, एकाच ठोकळ्यातून करायला सांगा. आणि सुरी वापरल्यावर हाताने धुऊन लगेच पुसा. ती पाण्यात भिजत ठेवू नका.