बिनइंजिनाचं, दहा माणसांचं, एकुलतं एक जी-१

दुसऱ्या महायुद्धात बंगळूरच्या एका नव्याकोऱ्या कारखान्यात दहा माणसांना घेऊन उडेल असं विमान तयार झालं. त्याला इंजिन नव्हतं! नाव जी-१, जात सैनिकी ग्लायडर. बनलं फक्त एक.

सैन्याला बिनइंजिनाचं विमान कशाला? मोठं विमान त्याला दोरानं ओढत नेतं, मुक्काम जवळ आला की दोर सुटतो आणि ग्लायडर तरंगत माळरानावर उतरतं. पॅराशूटनं उतरणारे जवान वाऱ्यावर पांगतात; इथे अख्खी तुकडी हत्यारांसकट एकाच जागी उतरते, तीही घरघर न करता.

या विमानामागे महाराष्ट्रातली दोन माणसं आहेत. कारखाना, म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्ट, उभारला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साथीनं. आणि जी-१ ची रचना डॉ. विष्णू माधव घाटगे यांची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजजवळचा हा मुलगा थेट जर्मनीत ग्योटिंगेनला गेला आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टर झाला. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकच! कारखान्यात तेव्हा अमेरिकी आराखड्यांवरून हार्लो, हॉक अशी विमानं जुळवली जात होती. त्या गर्दीत आपल्या माणसानं आपल्या कागदावर विमान रेखाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग जी-१ चं घोडं एकावरच का अडलं? १९४२ मध्ये सरकारनं कारखाना हाती घेतला, १९४३ मध्ये कारभार अमेरिकी हवाई दलाकडे गेला. युद्धात झिजलेली डाकोटा, कॅटालिना, लिबरेटर विमानं दुरुस्त करणं हेच मुख्य काम झालं. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ब्रिटिशांच्या ‘चिंडिट’ तुकड्यांतल्या सैनिकांना घेऊन ग्लायडर ब्रह्मदेशात शिरले, पण ते अमेरिकी वाको होते. युद्धभरात असे वाको तेरा हजारांहून जास्त बनले.

घाटगे मात्र थांबले नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग १९४२ च्या अखेरीस सुरू झाला, त्याची सुरुवातीची धुराही त्यांनीच वाहिली. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं आणि हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. पुढे पुष्पक, कृषक ही विमानं आणि १९६४ मध्ये किरण जेट. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती १९९६ पासून कित्येक वर्षं झाल्या त्या याच किरणवर.